तबकडीतलं गाव

६ जानेवारी

ती. मामास,

नमस्कार. फोन केला असता, पण फोनवर तुला "हॅलो" सोडून काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू कपाटात जपून ठेवतोस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. उत्तर लगेच हवंय. तुझ्या सवयीप्रमाणे पत्र महिनाभर उशाशी घेऊन झोपू नकोस.

गेल्या आठवड्यात खाणीच्या कंपनीचं पत्र आलं. आपलं जुनं गाव पाडून अठरा वर्षं झाली, तरी खाण त्या जमिनीपर्यंत पोचलीच नव्हती. आता एक एप्रिलपासून तिथे खोदकाम सुरू होणार आहे. ज्यांची घरं तिथे होती त्यांना मार्चअखेरपर्यंत एकदा आत जाऊन येता येईल, त्यासाठी अर्ज करा, असं लिहिलंय. मी आईला ते वाचून दाखवलं आणि रद्दीत टाकायला निघाले. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तिथे तुझी बहीण आहे."

मामा, मी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि मला हे आत्ता कळतंय. माझ्याआधी एक मुलगी झाली होती. अकरा दिवसांची होऊन गेली. आई तेव्हा तापाने फणफणलेली, महिनाभर दवाखान्यात होती. घरी आली तेव्हा पाळणासुद्धा जागेवर नव्हता. बाबांनी बाळाला गावातच कुठेतरी पुरलं, पण कुठे, ते आईला कधीच सांगितलं नाही. गाव उठलं तेव्हा कंपनीने यादी करून दफनभूमी हलवली. त्या यादीत ती नव्हती. बाबांच्या शेवटच्या आजारपणातही आईने एकदा विचारलं, तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता त्यांना जाऊनही वर्ष झालं.

आईला फक्त ती जागा हवी आहे. यंत्रं लागायच्या आत एकदा तिथे जाऊन बसायचंय. त्या वेळी बाबांबरोबर तू होतास असं ती म्हणते. तुला माहीत असेल तर सरळ सांग.

आता गाडीचं. आजकालच्या फोनच्या नकाशात गावाच्या जागी नुसता तपकिरी डाग आहे. पण बाबांच्या गाडीतल्या जुन्या नकाशाची तबकडी तू स्वतः बसवली होतीस आणि "यात तुमचं गाव आहे" म्हणाला होतास, ते मला पक्कं आठवतंय. वर्षभर गाडी नुसती उभी होती. नवी बॅटरी घातली, तर रेडिओ आणि नकाशा दोघंही अडून बसलेत. कोड मागतात. घरच्याच माणसाला दारात उभं करून नाव विचारायचं, ही कुठली रीत? मी सगळ्यांचे वाढदिवस घालून पाहिले. नऊ वेळा चुकल्यावर आता तो नुसत्या रेघा दाखवतो. आज दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला दुसऱ्याच्या काचा बसवल्या, इतकं डोकं फिरलंय. काय करू?

तुझी,
ठिणगी


१७ जानेवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. वाढदिवस घालून पाहिलेस हे वाचून हसू आलं आणि कपाळावर हातही मारला. दहाव्यांदा हात लावू नकोस. किल्ली फिरवून नुसती "चालू"वर ठेव, इंजिन लावू नको, आणि तासभर तशीच राहू दे. त्याचा राग उतरतो. मग समोरचा कप्पा पूर्ण बाहेर ओढून काढ. आतल्या भिंतीला एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असेल, त्यावर पाच आकडे. तुझे बाबा असल्या गोष्टी हरवणाऱ्यातले नव्हते.

रेडिओचं डोकं कच्चं, बॅटरी गेली की तो सगळं विसरतो. नकाशाची पेटी तशी नाही. डिकीत डाव्या अंगाला कार्पेटमागे एक काळी पेटी आहे, तिची आठवण तिच्याजवळ असते. तबकडी त्या पेटीतच आहे. बाहेर काढून चष्म्याच्या मऊ फडक्याने पूस, मधून कडेकडे, गोल नाही.

तुला सांगतो, बत्तीस वर्षं नकाशे करण्याचंच काम केलं तरी त्या पेटीपुढे मी अजून लहान होतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फक्त वेळ सांगत असतात. दुसरं काहीच नाही, फक्त वेळ. तो आवाज इथे पोचायला किती उशीर झाला, एवढ्यावरून पेटी ओळखते की तू कुठल्या रस्त्यावर आहेस. बोगद्यात शिरलीस तर वरचं काही येत नाही. मग ती चाकांचे फेरे मोजते, आतला भोवरा किती वळलीस ते मोजतो, आणि अंधारात स्वयंपाकघरातून माठापर्यंत जाणाऱ्या माणसासारखी ती बरोबर पलीकडे निघते. हे माणसाने केलंय. मला कुणी देवाधर्माचं विचारलं की मी हे सांगत असे.

दुसऱ्या गोष्टीचं म्हणशील, तर मला काही आठवत नाही. फार वर्षं झाली. आईला तिथे न्यायचा हट्ट धरू नकोस. रिकामं माळरान बघून तिला त्रास होईल, बाकी काही हाती लागायचं नाही.

तुझा,
मामा


३० जानेवारी

ती. मामास,

चिठ्ठी सापडली. बाबांच्याच अक्षरात, आणि खाली "विसरू नये" असंही लिहिलेलं. कोड घातला, रेडिओ खाकरला, आणि पडदा उजळला. आधी त्याने "गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर ठेवा" असा उपदेश केला, मला "मान्य" दाबायला लावलं, आणि मग पाच मिनिटं नुसता आभाळ चाचपत बसला. मी म्हटलं, मेला. तेवढ्यात एक निळा बाण उमटला, बरोबर आमच्या इमारतीच्या मागच्या फाटकात.

तारीख मात्र पार वेड्यासारखी. आज तीस जानेवारी, आणि पडद्यावर पंधरा जून, तीही साडेएकोणीस वर्षांपूर्वीची! आई म्हणाली, "वार बरोबर आहे." खरंच वार बरोबर होता. मामा, साडेएकोणीस वर्षांपूर्वी गाव उभं होतं. गाडीच्या हिशेबी अजून काही पाडलेलंच नाही.

मग मी तो मधला खटका सरकवत सरकवत नकाशा पूर्वेकडे नेला. मोठा रस्ता, पूल, मग काहीच नाही, आणि मग एकदम सगळं गाव. मी शप्पथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. शाळेचा रस्ता, गिरणीची गल्ली, बाजारपेठ, तीसुद्धा एकेरी असल्याच्या बाणासकट. दवाखान्याचं चिन्ह, पोस्टाचं चिन्ह. पेट्रोल पंप. आमच्या चाळीची ओळ. मी घरावर टिचकी मारली, तर त्या आतल्या बाईने मार्ग काढायला घेतला आणि ठासून सांगितलं: अठ्ठावन्न किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. जणू आई दार उघडून वाट बघत बसलीय.

आईचं काय सांगू. दुसऱ्या दिवसापासून कामं आटोपली की खाली येते, गाडीत बसते आणि मला खटका सरकवायला लावते. इथे शिंपीण राहायची, इथे उतारावर माझी सायकल घसरली, इथे नळाला सकाळी दोनच तास पाणी. शेजारीपाजारी विचारतात, गाडी बिघडलीय का, रोज दोघी आत बसलेल्या असता. मी म्हणते, नाही, गावाला गेलो होतो.

अर्ज केला होता, परवानगी आली. सतरा मार्च, रविवार, सकाळी दहा ते एक. आणि मामा, तुला काही आठवत नाही यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तुला माझ्या मुंजीत न आलेल्या पाहुण्यांचीसुद्धा नावं आठवतात, आणि माझी मुंज झालेलीच नाही.

तुझी,
ठिणगी


८ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

तारखेचं कोडं सोपं आहे. उपग्रह आठवडे मोजतात, पण त्यांची मोजणी एक हजार चोवीसपर्यंतच. पुढे पुन्हा शून्यापासून. नव्या यंत्रांना फेरा बदललेला कळतो, जुन्या पेटीला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती अजून मागच्या फेऱ्यात आहे. पूर्ण आठवडेच मागे जातात, त्यामुळे वार चुकत नाही. तुझ्या आईची नजर पहिल्यापासून तीक्ष्ण. जागा दाखवण्यात मात्र पेटी चुकणार नाही, त्याची काळजी नको.

ते गाव मी एकट्याने मोजलं. नऊ दिवस लागले. गाडीच्या टपावर यंत्र आणि मांडीवर वही. प्रत्येक गल्लीत दोनदा जायचं, एकदा जाताना, एकदा येताना. बाजारपेठेचा एकेरी बाण मी दुकानदारांशी भांडून पक्का केला, अर्धे म्हणत दुहेरी आहे. आज तिथे दुकान नाही की भांडणारा नाही, आणि माझा बाण आहे. या विचाराने काल दुपारी मी उगाच उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आईला गावाची हौस पडद्यावरच भागवू दे. गाडी त्या माळावर रुतेल. सतराला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत.

मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामास,

तुझ्या नकाशात चूक आहे.

रागावू नकोस, पुरावा देते. काल खटका चुकून दुसरीकडे दाबला गेला आणि "मागची ठिकाणं" अशी यादी उघडली. बाबा शेवटी कुठे कुठे गेले त्याची. मंडई, इस्पितळ, माझं दुकान, तुझ्याकडचं स्टेशन. आणि सगळ्यात वर एक नाव नसलेली जागा, नुसते आकडे. मी ती उघडली. आपलं जुनं गाव आलं, आणि खूण पडली आमच्या चाळीच्या पाठीमागे, एका छोट्या गल्लीच्या टोकाला. गल्ली तिथेच संपते, पुढे जात नाही. तिला नावही नाही.

आई म्हणाली, "तिथे गल्ली नव्हती." मी म्हटलं, असेल गं, तुला आठवत नसेल. ती म्हणाली, "मी त्या घरात सव्वीस वर्षं भांडी घासली. मागच्या ओट्यावरून सरळ पाण्याच्या टाकीची भिंत दिसायची. मधे मोकळी जागा, वाळवणं घालायला. गल्ली नव्हतीच."

आता मला सांग. दुकानदारांशी भांडून बाण पक्का करणारा माणूस नसलेली गल्ली कशी काढतो? आणि बाबा गाव पाडल्यावर, माळ झाल्यावर, तिथे काय करायला जात होते? शेवटच्या आजारपणाच्या जरा आधीसुद्धा जाऊन आलेले दिसतात. आई तेव्हापासून त्या खुणेवरून नकाशा हलवू देत नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय आणि तुलाही कळलं असणार.

माझ्या आईची सत्तरी जवळ आलीय, मामा. तिला जन्मभर सांभाळून घ्यायचं काम तुम्ही दोघा पुरुषांनी पुरेसं केलंत. उत्तर पाठव.

ठिणगी


४ मार्च

मामा,

अठरा दिवस झाले. तुझी तब्येत बरी आहे हे शेजारच्या काकूंकडून कळलं, म्हणजे हात चालतोय.

आम्ही सतराला जाणार आहोत. तू सांगितलंस तरी आणि नाही सांगितलंस तरी. फरक एवढाच, की नाही सांगितलंस तर आई तीन तास माळावर उभी राहील आणि कुठे बघायचं ते तिला कळणार नाही.

ठिणगी


९ मार्च

चि. ठिणगीस,

हात चालत होता. लिहीत होतो आणि फाडत होतो. हे आता एका बैठकीत लिहितो.

मी खोटं बोललो. मला सगळं आठवतं. त्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दोघं मागच्या दाराने निघालो. फावडं माझ्या हातात होतं आणि ती तुझ्या बाबांच्या हातात. टाकीच्या भिंतीपासून थोडं अलीकडे, वाळवणाच्या जागेच्या कडेला माती मऊ होती, म्हणून ती जागा. परत येताना तुझे बाबा म्हणाले, "तिला जागा सांगायची नाही. सांगितली तर ती तिथून उठणार नाही, आणि मग माझं कुणीच उरणार नाही." मी शब्द दिला. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, मला ते शहाणपणाचं वाटलं. नंतर तू झालीस, घर पुन्हा हसायला लागलं, आणि दर वर्षी सांगणं आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं.

आता गल्लीचं. आमच्या ऑफिसचा एक नियम होता, बाहेर कुणाला सांगायचा नाही. प्रत्येक भागात एक खोटी खूण घालायची. एखादी नसलेली बोळ, जास्तीचं वळण, कुणाला त्रास होणार नाही असं काहीतरी. उद्या कुणी आपला नकाशा चोरून स्वतःच्या नावावर खपवला, तर त्या खोट्या खुणेवरून चोर सापडतो. खूण कुठे घालायची ते मोजणाऱ्याने ठरवायचं. मी त्या गावी मोजायला गेलो तेव्हा गाव उठणार अशी कुणकुण लागलेली होती. भिंत जाणार, टाकी जाणार, ओटा जाणार, आणि आम्ही दोघं म्हातारे होणार. मी संध्याकाळी वही उघडली आणि चाळीच्या मागून तिच्यापर्यंत एक गल्ली काढली. साहेबांनी सही केली. कारखान्यात हजारो तबकड्या निघाल्या आणि त्या सगळ्यांत ती गल्ली गेली. देशभर अनोळखी लोक गाड्यांत ती घेऊन फिरले आणि एकालाही कळलं नाही. चांगल्या नकाशात मी मुद्दाम केलेली ही एकच चूक, आणि मोजलेल्या सगळ्या खऱ्या रस्त्यांपेक्षा मला तिचाच आधार वाटतो.

तुझ्या बाबांना मी तबकडी दिली तेव्हा सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून पडदा पुसला. ते दर वर्षी त्या तारखेला जात असत, तेव्हा गावाच्या मागच्या बाजूला कुंपण नव्हतं.

एक सांगायलाच हवं. त्या काळच्या यंत्राने मोजलेली जागा आहे, दहा पावलांची चूक इकडे तिकडे होऊ शकते. याहून नेमकं मला करता आलं नाही, त्याबद्दल माफी मागतो. बाकीच्याची माफी मागायचं मला तोंड नाही. हे पत्र तिला दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

मामा


१९ मार्च

ती. मामास,

पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली, आणि उठून कुंड्यांना पाणी घालायला गेली. दोन दिवस माझ्याशी मीठमिरचीपुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रविवारी सातला निघू. नाश्ता बरोबर घे."

मी खूण केलेली जागा निवडली आणि बाई बोलू लागली. मोठ्या रस्त्यावर काही नवल नव्हतं. मग खाणीचं फाटक आलं. तिथल्या पहारेकऱ्याने आम्हाला पिवळी जाकिटं आणि टोप्या दिल्या आणि नियमाप्रमाणे स्वतः मागच्या सीटवर बसला. आईला ती टोपी कानापर्यंत येत होती. पुढे नजर पोचेल तिथवर गुडघाभर वाळकं गवत, मधूनमधून विटांचा चुरा. पहारेकरी म्हणाला, ताई, इथे रस्ता नाही, कुठे जायचं ते सांगा. तेवढ्यात बाई म्हणाली, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."

मी वळले. मामा, गवताखाली डांबर होतं. चाकांना कळलं, आवाजच बदलला. पडद्यावर बाण शाळेच्या रस्त्याला चिकटून चालला होता आणि समोर काचेतून काहीच नव्हतं. मी एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा बाहेर. आईने डोळे मिटून घेतले होते. ती बाईच्या आधी सांगायची. "आता गिरणी. आता डावीकडे शिंपीण. आता जरा उतार आहे." आणि उतार यायचा. पहारेकरी दोन्ही सीटच्या मधे पुढे वाकून बघत राहिला. सहा वर्षं तो तिथे नोकरी करतोय आणि त्याला ती नुसती जमीन वाटत होती.

बाजारपेठेपाशी मला सरळ आडवं जाता आलं असतं, वीस पावलं. बाई म्हणाली, पुढून वळसा घ्या. मी म्हटलं, कशाला, मोकळंच तर आहे. आईने डोळे न उघडता बजावलं, "एकेरी आहे. उलटी घालू नकोस." मग आम्ही त्या मोकळ्या माळावर, कुणी समोरून येत नसताना, अख्ख्या बाजाराला वळसा घातला. मागच्या सीटवर कुणीही हसलं नाही.

चाळीच्या ओळीनंतर ती गल्ली आली. बाण आत शिरला आणि टोकाला थांबला. बाई म्हणाली, "आपण पोहोचला आहात. मार्गदर्शन संपले." ती गप्प झाली आणि इतका वेळ तिने दाबून ठेवलेला रेडिओ आपोआप मोठा झाला, कुणीतरी कांद्याबटाट्याचे भाव सांगत होतं. मी धडपडत बंद केला.

आई उतरली. टोपी काढली, चपला काढल्या. जरा पलीकडे गवतात सिमेंटचा एक गोल कठडा राहिला आहे, तुझ्या टाकीचा असावा. तो तिने पाहिला, अंदाज घेतला आणि अलीकडे येऊन खाली बसली. मी जवळ गेले नाही. पहारेकऱ्याने न सांगता आपली टोपी काढली आणि पाठ करून उभा राहिला. दीड तास झाला. ती काहीतरी बोलत होती, हळू, मधेच थांबून, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी. मी तिला इतकं बोलताना कधी पाहिलेलं नाही. मग ती उठली आणि पावलं मोजायला लागली. चारी बाजूंना दहा दहा, आणि प्रत्येक पावलाला वाकून मूठभर माती पिशवीत. कुठलीही सोडली नाही. पिशवी इतकी जड झाली की पहारेकऱ्याला ती उचलावी लागली. जमिनीतलं काही बाहेर न्यायला परवानगी नाही, असं फाटकावर लिहिलेलं आहे. त्याने पिशवी डिकीत, तुझ्या काळ्या पेटीशेजारी ठेवली आणि झाकण लावलं.

येताना आई झोपली. तुला पत्र लिहायला मी तिला सांगितलेलं नाही. सोबतचा कागद तिने स्वतः दिला, बंद करून. मी वाचलेला नाही.

तुझी,
ठिणगी


१९ मार्च

दादा,

पोरीने सगळं लिहिलं असेलच. मी थोडक्यात लिहिते.

मला राग आला आहे. तो जाईल की नाही मला माहीत नाही, आणि तू घालवायच्या खटपटीत पडू नकोस. तुम्ही दोघांनी ठरवलंत की मी तिथून उठणार नाही. उठले असते. मला सकाळी पाणी भरायचं असायचं. एकदा मला विचारायला हवं होतंत.

यांच्यावर जास्त राग आहे, पण ते आता समोर नाहीत. गाडीची सर्व्हिसिंग दर वर्षी त्याच तारखेला कशी येते, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, गाड्यांचं असंच असतं. मी विश्वास ठेवला. ते एकटे जाऊन येत होते हे वाचल्यापासून मला त्यांची कीवही येते.

पण रस्त्यात डोळे मिटून बसले होते तेव्हा मी तुला मनात नमस्कार केला. जे गाव मी माझ्या हाताने कुलूप लावून सोडलं, ते तू एवढ्याशा तबकडीत ठेवलंस, उतारासकट. आणि तिच्या दारापर्यंत रस्ता केलास. माझ्या लेकीसाठी कुणी काही केलं नव्हतं, ना बारसं, ना झबलं. तिच्यासाठी एक आख्खी गल्ली आहे हे मला माहीतच नव्हतं.

तू दहा पावलांची माफी मागितली आहेस. दादा, ती कुठे आहे हे ठाऊक नव्हतं म्हणून मी त्या गावात जिथे जाईन तिथे बघून पाय टाकायची. बाजारात, शाळेच्या मैदानात, लोकांच्या लग्नात, त्यांच्या अंगणातसुद्धा. गाव सुटल्यावर मनात तसंच चालत राहिले. चव्वेचाळीस वर्षं. दहा पावलं म्हणजे ती माझ्या कुशीत आहे.

तुझी बहीण